क्रोशाच्या लोकरी सपाता : माप चुकू नये म्हणून नवशिक्यांसाठी क्रमवार कृती

पुण्यात नोव्हेंबर संपत आला की सकाळची फरशी गार पडते आणि घरोघरी लोकरीच्या सपाता विणायचा उत्साह येतो. मग जानेवारीत त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. एक सपात मोठी झाली, दुसरी लहान. चालताना टाच निघून येते. पहिल्या दिवशी मापात होत्या, पंधरा दिवसांत ढगळ झाल्या. विणणारीचा हात यात क्वचितच वाईट असतो. बहुतेक वेळा तिने व्हिडिओतले टाके जसेच्या तसे उचललेले असतात. त्या बाईचं पाऊल वेगळं, लोकर वेगळी आणि हाताची वीणही वेगळी. म्हणून या लेखात विणायला सुरुवात पाचव्या टप्प्यात होते. आधीचे चार टप्पे मापाचे आणि तयारीचे आहेत. ते गाळून पुढे जाऊ नका, कारण बिघाड तिथेच होतो.

या कृतीला साखळी, मुका खांब, एका टाक्यात दोन टाके घालून केलेली वाढ आणि शेवटी काठाला दोन-तीन ठिकाणी दोन टाक्यांचा एक करणं, एवढंच यायला हवं. मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन लूप होतात, पुन्हा वेढा घेऊन तो दोन्ही लूपांतून एकदम काढायचा. व्हिडिओ पाहून शिकत असाल तर एक लक्षात ठेवा. अमेरिकन पद्धतीत याला सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पद्धतीत याच टाक्याला डबल क्रोशे म्हणतात. आपल्याकडचे व्हिडिओ दोन्ही पद्धती वापरतात. त्यामुळे नावावर जाऊ नका, हात काय करतोय ते पाहा.

## टप्पा १ : पाऊल मोजा

माप संध्याकाळी घ्या. दिवसभर उभं राहून पाऊल थोडं सुजतं आणि सपाता तर संध्याकाळपासून सकाळपर्यंतच वापरायच्या असतात. वर्तमानपत्र फरशीवर पसरा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन त्यावर उभे राहा. पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कुणाकडून पावलाची आखणी करून घ्या. स्वतः वाकून आखलं तर भार एका पायावर जातो आणि माप बदलतं.

दोन मापं हवीत :

१. लांबी : टाचेच्या मागच्या टोकापासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंत. अनेकांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, ते पाहून घ्या.

२. घेर : चवड्याभोवती, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी जिथे पाऊल सर्वांत रुंद असतं तिथे टेप फिरवून. टेप आवळू नका आणि लोंबकळूही देऊ नका.

दोन्ही पावलं मोजा. त्यांत थोडा फरक असणं अगदी नेहमीचं आहे. मोठ्या पावलाचं माप धरा. या सपातांना डावं-उजवं नसतं, दोन्ही एकाच मापाच्या होतात.

पुढच्या सगळ्या हिशोबात मी लांबी २४ सेंमी आणि घेर २२.५ सेंमी असं एक पाऊल उदाहरण म्हणून धरलं आहे. तुमचे आकडे त्याच कागदावर लिहून ठेवा. तो कागद टाकू नका, सपात पूर्ण झाल्यावर तो पुन्हा लागेल.

## टप्पा २ : सामान

तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत गेलात की लोकरीचे इतके रंग समोर येतात की हात आपोआप मऊ, केसाळ, मखमली लोकरीकडे जातो. पहिल्या जोडीला ती घेऊ नका. तिच्यात टाका दिसत नाही. टाका दिसला नाही तर मोजता येत नाही, आणि चुकलेलं उसवायला गेलात की केस एकमेकांत अडकतात. काळा, गडद निळा, गडद मरून हे रंगही पहिल्या जोडीला नकोत. ट्यूबलाइटखाली त्यातले टाके डोळ्यांना सापडत नाहीत. फिका, एकरंगी, गुळगुळीत दोरा घ्या.

घरच्या सपातांना अॅक्रिलिक लोकर चांगली. ती धुता येते, आटत नाही आणि टोचत नाही. खरी लोकर जास्त उबदार असते, पण गरम पाण्यात चोळली की आटून नमदा होतो. सुती दोरा सपातांना मी सुचवणार नाही. तो ताणला की पुन्हा जागेवर येत नाही, त्यामुळे सपात महिन्याभरात सैल पडते.

जाडी निवडताना वेष्टनावरचा नुसता ‘प्लाय’चा आकडा पुरत नाही. प्लाय म्हणजे दोऱ्यात किती पीळ एकत्र आहेत ती संख्या. चार बारीक पीळ आणि चार जाड पीळ, दोन्हीला ४ प्लायच म्हणतात. वेष्टनावर किती मिलिमीटरची सुई सुचवली आहे ते बघा. ४.५ ते ५.५ मिमी असेल तर ही लोकर या कृतीला योग्य आहे. तशी मिळाली नाही तर बारीक लोकरीचे दोन दोरे एकत्र धरून विणता येतं, पण मग प्रत्येक टाक्यात दोन्ही दोरे सुईवर आले आहेत का हे पाहत राहावं लागतं.

मोठ्यांच्या एका जोडीला साधारण १०० ग्रॅम लोकर लागते. ५० ग्रॅमचे तीन गुंडे घ्या आणि तिन्ही वेष्टनांवरचा लॉट क्रमांक एकच आहे ना ते दुकानातच पाहा. रंगाचं नाव तेच आणि लॉट वेगळा असेल तर दुकानातल्या दिव्यात फरक कळत नाही, घरी उन्हात कळतो.

बाकी सामान असं : ५ मिमीची अॅल्युमिनियमची क्रोशा सुई, बोथट टोकाची मोठ्या नाकाची सुई, मेजरिंग टेप, कात्री, चार-पाच सेफ्टी पिना, वही आणि पेन. आजीच्या डब्यातली स्टीलची बारीक सुई इथे चालणार नाही. ती रुमालाच्या लेसची आणि तोरणाची सुई आहे, लोकर तिच्या आकड्यात मावतच नाही.

थांबा, हे तपासा : प्रत्येक गुंड्याचं टोक बाहेर काढून हातभर दोरा ओढून बघा. कारखान्यातली गाठ दिसली तर तिथे दोरा कापायचा आणि नव्याने जोडायचा. गाठ तळव्याखाली आली तर चालताना खड्यासारखी टोचते.

## टप्पा ३ : नमुना विणा

नमुना म्हणजे तुमच्या हाताची वीण मोजायला आधी विणलेला छोटा चौकोन. हा टप्पा सगळ्यांत जास्त गाळला जातो. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, पण ते वाचवायला गेलं की पूर्ण सपात उसवायची वेळ येते.

२१ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घ्या आणि पुढे प्रत्येक साखळीत एक, असे २० टाके. काम वळवा, एक साखळी घाला, पुन्हा २० मुके खांब. अशा २० ओळी.

नवशिक्यांचे टाके जिथे हमखास हरवतात ती जागा म्हणजे ओळीची दोन टोकं. नीट पाहा. विणलेल्या ओळीच्या माथ्यावर प्रत्येक टाक्याचा आडवा पडलेला एक ‘व्ही’ दिसतो. सुई त्या व्हीच्या दोन्ही धाग्यांखालून जायला हवी. काम वळवून एक साखळी घातली की ती साखळी फक्त उंचीसाठी असते, टाका म्हणून मोजायची नसते. ओळीचा पहिला मुका खांब त्या साखळीच्या अगदी बुडाशी असलेल्या व्हीत जातो. तो व्ही वळवताना थोडा ओढला गेलेला असतो, म्हणून डोळ्यांना दुसराच व्ही पहिला वाटतो. दुसऱ्या टोकाला शेवटचा व्ही खाली झुकून लपलेला असतो, तो बोटाच्या नखाने वर करून पाहावा लागतो. पहिला चुकला किंवा शेवटचा राहिला की ओळीगणिक एक टाका कमी होतो आणि चौकोनाचा त्रिकोण होतो. हे टाळायला प्रत्येक ओळीचा पहिला टाका विणून झाला की लगेच त्यात सेफ्टी पीन अडकवा. परत येताना पिनेतला टाका हाच तुमचा शेवटचा टाका.

वीण घट्ट होत असेल तर सुई कुठे धरता ते पाहा. आकड्याच्या मागे सुईचा गळा बारीक असतो आणि त्याच्या मागे सुईची पूर्ण जाडी सुरू होते. लूप गळ्यावरच आवळलात तर टाका ५ मिमीचा न होता त्याहून लहान होतो आणि पुढच्या ओळीत सुई घुसत नाही. लूप मागे जाड भागावर येऊ द्या आणि मग पुढचा वेढा घ्या.

नमुना झाला की हाताने सपाट करा, ताणू नका. कडेचे टाके वेडेवाकडे असतात, म्हणून टेप मधोमध ठेवा. १० सेंमीत आडवे टाके किती आणि उभ्या ओळी किती, ते मोजून लिहा. अर्धा टाका आला तरी लिहा.

आपल्या उदाहरणात १० सेंमीत १४ टाके आणि १६ ओळी आल्या असं धरू. म्हणजे सेंमीला १.४ टाके आणि १.६ ओळी.

इशारा : नमुना जाळीदार दिसत असेल, प्रकाशाकडे धरल्यावर टाक्यांमधून स्वच्छ उजेड येत असेल, तर अर्ध्या मिमीने लहान सुई घ्या आणि नमुना पुन्हा विणा. सपातेला घट्ट वीणच हवी. सैल विणीतून गारवाही येतो आणि तळ लवकर झिजतो. उलट नमुना पुठ्ठ्यासारखा ताठ झाला तर अर्ध्या मिमीने मोठी सुई घ्या.

## टप्पा ४ : आकडे काढा

सपात पावलाएवढीच विणली तर ती मोठी होते. क्रोशाची वीण पायात गेल्यावर ताणली जाते आणि पहिल्या काही दिवसांत आणखी थोडी सुटते. म्हणून घेर एक दशांशाने कमी करायचा आणि मोठ्यांच्या लांबीतून दीड सेंमी वजा करायचा. लहान मुलांच्या लांबीतून फक्त अर्धा ते एक सेंमी कमी करा, त्यांची पावलं वाढत असतात.

घेराचे टाके : २२.५ × ०.९ = सुमारे २० सेंमी. २० × १.४ = २८ टाके. उत्तर विषम आलं तर जवळची सम संख्या धरा.

एकूण ओळी : २४ − १.५ = २२.५ सेंमी. २२.५ × १.६ = ३६.

या ३६ पैकी पुढच्या १६ गोल फेऱ्यांत विणायच्या (१० सेंमी, बोटं आणि चवडा झाकायला) आणि उरलेल्या २० सरळ मागे-पुढे, तळवा आणि बाजूंसाठी. दुसऱ्या मापालाही साधारण हीच वाटणी धरा, पुढे निम्म्याहून थोडं कमी आणि मागे निम्म्याहून थोडं जास्त. मागच्या भागाच्या ओळी सम ठेवा.

हे सगळे आकडे वहीत लिहा. पुढे विणताना डोळ्यांसमोर वही हवी, व्हिडिओ बंद.

## टप्पा ५ : बोटांची टोपी

जादूचं वर्तुळ, म्हणजे पहिली फेरी ज्यात विणतात तो दोऱ्याचा आवळता येणारा फास, जमत असेल तर त्याने सुरुवात करा. जमत नसेल तर त्यावर तास घालवू नका. दोन साखळ्या घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब घ्या. मधे राहणारं बारीक भोक शेवटी सुरुवातीच्या टोकाने आवळून बंद होतं, म्हणून ते टोक १५ सेंमी तरी ठेवा.

यापुढे फेरी जोडायची नाही, चक्राकार विणत जायचं. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात पीन लावा आणि नवी फेरी सुरू झाली की ती वर सरकवा.

फेरी १ : ६ टाके.

फेरी २ : प्रत्येक टाक्यात वाढ. १२ टाके.

फेरी ३ : एक साधा, एक वाढ. १८ टाके.

फेरी ४ : दोन साधे, एक वाढ. २४ टाके.

फेरी ५ : वाढ नाही. २४ टाके.

फेरी ६ : पाच साधे, एक वाढ, असं चार वेळा. २८ टाके.

तुमची संख्या वेगळी असेल तर सहाच्या पाढ्याने जितकं जवळ जाता येईल तितकं जा, एक फेरी साधी विणा आणि उरलेले टाके पुढच्या फेरीत सारख्या अंतरावर वाढवा. मुलाच्या सपातेला २० टाके हवे असतील तर १८ पर्यंत जाऊन दोन वाढवायचे. पुरुषाच्या ३२ टाक्यांसाठी ३० पर्यंत जाऊन दोन.

तपासा : प्रत्येक फेरी संपली की टाके मोजा, दर वेळी. सुईवरचा लूप मोजायचा नाही. सहाव्या फेरीनंतर कामाला छोट्या वाटीसारखा आकार यायला लागला पाहिजे. कडा झालरीसारख्या लाटा घेत असतील तर कुठेतरी जादा वाढ झाली आहे. बाहेरच्या बाजूला टाक्यांचे व्ही सुबक दिसायला हवेत. ते आत दिसत असतील तर काम आतल्या बाजूने चाललं आहे, आत्ताच उलटवून घ्या.

इथे एक गोष्ट कराच. दुसऱ्या गुंड्याने दुसऱ्या सपातेची टोपीही आत्ताच विणा, आणि यापुढचा प्रत्येक टप्पा दोन्हींचा एकत्र संपवा. वीण दिवसागणिक बदलते. दमलेला हात घट्ट विणतो, गप्पा मारताना सैल पडतो. एक सपात डिसेंबरात आणि दुसरी संक्रांतीनंतर विणली की जोडी जुळत नाही, ती याच कारणाने.

## टप्पा ६ : सरळ फेऱ्या

फेरी ७ ते १६, वाढ नाही आणि घट नाही, प्रत्येक फेरीत २८ टाके. हा सोपा भाग आहे आणि म्हणूनच इथे मोजणं सुटतं. निदान दर दोन फेऱ्यांनी मोजा.

दहा फेऱ्या झाल्या, म्हणजे दहावी संपली की सुई काढून लूप पिनेत अडकवा आणि टोपी पायात घालून पाहा. पिना सगळ्या बंद आहेत ना ते आधी बघा. टोपी चवड्यावर अंगाबरोबर बसली पाहिजे. बोटांनी चिमटीत धरल्यावर सैल कापड हाताशी येत असेल तर ती मोठी आहे. ‘पुढे सारखी होईल’ असं म्हणून विणत राहू नका, ती पुढे आणखी सैल होते. सहाव्या फेरीपर्यंत उसवा आणि वाढ दोन टाक्यांनी कमी करा. बोटं आवळली जात असतील तर दोन टाके वाढवा.

सोळाव्या फेरीनंतर पुन्हा घालून पाहा. काठ चवड्याच्या मागे, पाऊल वर चढायला लागतं तिथपर्यंत यायला हवा. तिथवर येत नसेल तर एक-दोन फेऱ्या वाढवा आणि वहीत लिहा, कारण दुसऱ्या सपातेतही तेवढ्याच वाढवाव्या लागतील.

## टप्पा ७ : तळवा आणि बाजू

आता गोल विणणं थांबतं. काम वळवा, एक साखळी घाला, पहिल्याच टाक्यापासून २० मुके खांब विणा. उरलेले ८ टाके तसेच सोडा, ते पावलाच्या वरच्या उघड्या भागाचे. पुन्हा वळवा, एक साखळी, २० टाके. अशा २० ओळी. तुमची संख्या वेगळी असेल तर घेराच्या टाक्यांपैकी पाव भागापेक्षा किंचित जास्त टाके वर सोडा आणि बाकीच्यांवर विणा.

दोन गोष्टींनी इथे गोंधळ होतो. गोल भागाचा पोत आणि या भागाचा पोत वेगळा दिसतो. गोल फेऱ्यांत एकच बाजू सतत समोर असते, इथे ओळीआड उलट बाजू येते. त्यात चूक काही नाही. दुसरी गोष्ट म्हणजे टोकांचे टाके, ज्यांचा सराव नमुन्यात झाला आहे. पिना इथेही लावा. प्रत्येक ओळीत २० म्हणजे २०.

नवा गुंडा जोडायची वेळ आली तर ओळीच्या टोकाला जोडा, मधे नको. जुन्या दोऱ्याने टाक्याचा शेवटचा वेढा बाकी ठेवा, तो नव्या दोऱ्याने घ्या आणि दोन्ही टोकं १५ सेंमी लांब सोडा. गाठ मारू नका.

तपासा : विसाव्या ओळीनंतर सपात पायाखाली धरा. मागची कड टाचेच्या टोकापासून एक-दीड सेंमी आत राहिली तर माप बरोबर आहे. टाचेच्या बरोबरीला आली तर दोन ओळी उसवा. इथे मन घट्ट करा. टाच निघून येण्याचं कारण बहुतेक वेळा या दोन जादा ओळीच असतात.

## टप्पा ८ : टाच

दोरा ४० सेंमी सोडून कापा आणि बोथट सुईत ओवा. शेवटच्या ओळीचे २० टाके तीन भागांत पाहा, ७, मधले ६ आणि पुन्हा ७. सपातेची सुलट बाजू बाहेर ठेवून मागची कड मधोमध दुमडा.

१. वरून सुरुवात करा. डावीकडचा पहिला आणि उजवीकडचा पहिला टाका समोरासमोर आणा. कडेला कड लावून, प्रत्येक टाक्याचा फक्त बाहेरचा एक धागा उचलत सात जोड्या शिवा. दोन्ही धागे उचलले तर आत जाड शिवण उभी राहते आणि टाचेला घासते.

२. मधल्या सहा टाक्यांच्या बाहेरच्या धाग्यांतून दोरा ओवत जा आणि हळूच ओढून आवळा. टाचेला गोलाई याच सहा टाक्यांमुळे येते. सगळेच टाके सरळ शिवून टाकले तर मागे टोक निघतं आणि ते जमिनीवर फेंगडं बसतं.

३. दोरा दोनदा अडकवून आत न्या आणि तीन वेगवेगळ्या दिशांना ओवून लपवा. अॅक्रिलिक घसरतं, एकाच दिशेला ओवलेलं टोक धुतल्यावर बाहेर येतं.

घरात कुणाला मधुमेह असेल आणि पावलांना जाणीव कमी असेल तर या शिवणीकडे विशेष लक्ष द्या. सपातेत हात घालून बोटं फिरवा. कुठे गाठ, उंचवटा किंवा टोकाचा गुच्छ लागला तर तो काढा. त्यांना घासलेलं कळत नाही आणि तेवढ्यावरून जखम होते.

## टप्पा ९ : काठ

काठ नसला तर तोंड पसरत जातं. टाचेच्या शिवणीपाशी नवा दोरा जोडा आणि तोंडाभोवती मुके खांब विणा. वरच्या ८ टाक्यांत एकास एक. बाजूंना ओळींच्या टोकांत टाके उचलायचे, पण प्रत्येक ओळीत एक घेऊ नका. टाका आडवा जितका रुंद असतो त्यापेक्षा ओळ उंचीला थोडी कमी असते. सहा ओळींत एकेक टाका घेऊन सातवी सोडा. एका बाजूच्या वीस ओळींत १८ टाके येतील आणि पूर्ण फेरीत सुमारे ४४. सगळ्या ओळींत टाके घेतले तर काठाला झालर पडते आणि टाच सुटते.

बाजू आणि वरचा भाग मिळतात त्या दोन कोपऱ्यांत भोक दिसेल. तिथे दोन टाक्यांचा एक करा. दुसऱ्या फेरीतही त्याच कोपऱ्यांत तसंच. दोन फेऱ्या पुरतात. शेवटी स्लिप स्टिचने बंद करा, म्हणजे सुई टाक्यात घालून ओढलेला दोरा सुईवरच्या लूपातूनही थेट काढायचा.

घालून चाला. टाच अजून सुटत असेल तर तिसऱ्या फेरीत शिवणीच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करा. पाऊल आत घालताना काठ जोराने ओढावा लागत असेल तर तो घट्ट झाला आहे, तेवढाच उसवा आणि अर्ध्या मिमीने मोठ्या सुईने विणा.

सपात टप्पा एकच्या कागदावर ठेवा. ती आखलेल्या पावलापेक्षा किंचित आखूड दिसायला हवी.

## टप्पा १० : न घसरणारा तळ

हा टप्पा सजावटीचा नाही, सुरक्षेचा आहे. जुन्या वाड्यांतली शहाबादी फरशी निदान थोडी खरखरीत तरी असते. नव्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर नुसती अॅक्रिलिक सपात सर्रकन सरकते. आजी-आजोबांसाठी विणत असाल तर तळ लावल्याशिवाय त्यांच्या पायात देऊ नका.

टिकाऊ उपाय म्हणजे शिवलेला तळ. गालिच्याखाली घालतात तसल्या रबरी जाळीच्या अँटीस्लिप मॅटचे किंवा उलट्या बाजूने खरखरीत असलेल्या चामड्याचे दोन तुकडे कापा, एक चवड्याखाली आणि एक टाचेखाली. पूर्ण तळव्याएवढा एकच तुकडा लावला तर सपात वाकत नाही. तुकडे कडेने मजबूत दोऱ्याने शिवा. चामडं असेल तर आधी दाभणाने भोकं पाडून घ्या.

सोपा उपाय म्हणजे पारदर्शक सिलिकॉनचे ठिपके. सपातेत पुठ्ठा घालून तळ ताणून घ्या, हरभऱ्याएवढे ठिपके बोटभर अंतरावर द्या आणि ते थोडे दाबा, म्हणजे सिलिकॉन विणीत शिरेल. खिडकी उघडी ठेवून करा, वास उग्र असतो. पूर्ण एक दिवस वाळू द्या. वरवर सुकलेल्या ठिपक्यांवर चाललात तर ते सोलून निघतात.

इशारा : तळ लावला तरी या सपाता कोरड्या फरशीसाठीच आहेत. न्हाणीघर, ओला ओटा आणि जिना, तिथे त्या काढून ठेवायच्या.

धुताना गार पाणी आणि सौम्य साबण वापरा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा आणि सावलीत आडव्या वाळवा, दोरीवर टांगल्या तर ओल्या वजनाने लांब होतात. अॅक्रिलिकला इस्त्री लावू नका, एकदा वितळून चपटी झालेली वीण परत उठत नाही. पावसाळ्याआधी आतून पूर्ण कोरड्या झाल्याची खात्री करूनच बांधून ठेवा. वर्षभराने काढाल तेव्हा आधी ठिपके नखाने ओढून पाहा आणि सुटत असतील तर नवे द्या.